आधी काय, मग काय, नाहीतर काय

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असं शाळेचं पत्र आलं आणि सगळ्यात आधी बाई आठवल्या. नाव लिहायची गरज नाही. आपल्या शाळेत नुसतं ‘बाई’ म्हटलं की मराठीच्या बाई. हवाई दलात मी हेलिकॉप्टर उडवलं, आता उड्डाणावर मराठीत लिहिते. यातल्या दुसऱ्या कामाचं सगळं श्रेय बाईंचं, आणि पहिल्याचंही बरंचसं.

नववीला बाईंनी ‘माझा आवडता ऋतू’ कधी लिहायला दिला नाही. स्टोव्ह कसा पेटवावा, पंक्चर कसं काढावं, द्राक्षं पेटीत कशी भरावीत, असे विषय. समासात लाल शाईचे तीनच शेरे असत : आधी काय? मग काय? नाहीतर काय?

स्टोव्हचा तास माझ्या वर्गातल्या कोणीच विसरलं नसेल. बाईंनी एका मुलीची वही घेतली आणि पाण्याच्या टाकीजवळ स्टोव्ह मांडला. शेजारी ओलं पोतं ठेवलं. वहीत लिहिलं होतं, ‘रॉकेल भरावे, चावी घट्ट करावी, पंप मारावा, काडी लावावी.’ बाईंनी नेमकं तेवढंच केलं. बर्नरमधून रॉकेलची धार उडाली आणि हातभर पिवळा, काजळीचा जाळ उठला. पोतं टाकून तो विझवल्यावर बाई शांतपणे म्हणाल्या, “काकडा कुठे आहे?” स्पिरिटचा काकडा आधी पेटवून बर्नर तापवला, तरच रॉकेलची वाफ होते आणि निळी ज्योत मिळते. तोवर चावी सैल ठेवायची. हे सगळं त्या मुलीला घरी रोजचं होतं, म्हणूनच लिहायचं राहिलं. बाई म्हणायच्या, हाताला जे पाठ असतं तेच वहीत सुटतं.

उड्डाणावरच्या लिखाणात हीच चूक सर्वांत जास्त होते. हवेत हेलिकॉप्टरचं इंजिन बंद पडलं की काय करायचं, म्हणजे ऑटोरोटेशन, हे उदाहरण घ्या. आधी काय? कलेक्टिव्ह, म्हणजे सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारा डाव्या हातातला दांडा, ताबडतोब पूर्ण खाली. त्यानं पात्यांचा कोन कमी होतो आणि खालून वर येणारी हवा रोटर, म्हणजे वरचा पात्यांचा पंखा, फिरता ठेवते. नाहीतर काय? क्षणभर उशीर झाला तरी रोटरचे फेरे कमी होऊ लागतात, आणि फार कमी झाले तर ते परत मिळत नाहीत. मग सायक्लिकनं, म्हणजे यंत्र पुढे-मागे, बाजूला झुकवणाऱ्या उजव्या हातातल्या दांड्यानं, वेग राखत जागा निवडायची. जमीन जवळ आली की सायक्लिक मागे ओढून नाक उचलायचं, त्याला फ्लेअर म्हणतात. पुढचा वेग मरतो, खाली येण्याचा वेगही कमी होतो, रोटरचे फेरे थोडे वाढतात. लगेच यंत्र सपाट करायचं, नाहीतर शेपूट आधी टेकते. शेवटी कलेक्टिव्ह वर. रोटरमध्ये साठलेली शक्ती इथे एकदाच खर्च करता येते. उंचावर खर्च केली तर यंत्र दगडासारखं आदळतं.

दुसरं उदाहरण आपल्या नाशिकचंच. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर, म्हणजे जवळजवळ 2,000 फुटांवर आहोत. वैमानिकांच्या हिशेबात या उंचीचं प्रमाण तापमान 11 अंश सेल्सिअस. मे महिन्यातल्या दुपारी 40 अंश असतील तर फरक 29 अंशांचा, आणि गरम हवा विरळ असते म्हणून दर अंशाला साधारण 120 फूट उंचीत मिळवायचे, म्हणजे मूळच्या 2,000 वर आणखी जवळजवळ 3,500 फूट. हेलिकॉप्टर उभं नाशिकच्या जमिनीवर, पण त्याला मिळणारी हवा साडेपाच हजार फुटांवरची, कळसूबाईच्या माथ्याइतकी विरळ. इंजिनाची ताकद घटते, पात्यांची उचलही घटते. जमिनीलगत यंत्र तरंगतं, कारण रोटरच्या व्यासाइतक्या उंचीपर्यंत जमीन आधार देते. हवाई दलाच्या चीता हेलिकॉप्टरच्या बाबतीत हा व्यास 11 मीटर आहे. तो आधार सुटला की जड भरलेलं यंत्र बसायला लागतं. म्हणून वजन सकाळच्या नव्हे, ज्या वेळी उडायचं त्या वेळच्या तापमानावर ठरवायचं. मराठीत उड्डाणाबद्दल लिहिताना ‘गगनभरारी’ आणि ‘पंखांना बळ’ याखेरीज काही सापडत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. वाचणाऱ्या मुलीला हे 29 अंश मिळाले पाहिजेत.

मुलींसाठी दारं उघडली ती पायरीपायरीनं. 1994 मध्ये हवाई दलात स्त्री वैमानिकांची पहिली तुकडी आली, ती हेलिकॉप्टर आणि मालवाहू विमानांसाठी. 1999 च्या कारगिल युद्धात गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन यांनी चीता उडवलं. लढाऊ विमानांसाठी 2016 उजाडलं. आणि 2022 च्या मे महिन्यात लष्कराच्या हेलिकॉप्टर दलातल्या पहिल्या स्त्री लढाऊ वैमानिक कॅप्टन अभिलाषा बराक यांना विंग्ज, म्हणजे वैमानिकाचं पंखांचं पदक, मिळाले ते आपल्या नाशिकमध्ये. नाशिकच्याच गांधीनगर विमानतळाच्या बाजूनं चेतक हेलिकॉप्टरचा आवाज आला की तासाला खिडकीकडे धावणारी मुलं बाईंनी कधी अडवली नाहीत, एवढंच इथे सांगते.

मागच्या वर्षी शाळेत आले तेव्हा टाकीची जागा पार्किंगला गेलेली दिसली. नववीच्या मुलींच्या दप्तरात तयार निबंधांची पुस्तकं होती. स्टोव्ह आता कोणाच्या घरी नाही, हे मान्य. पण गॅसच्या शेगडीची नळी कशी बदलावी, हे तरी कोणी लिहून घ्यावं.

ऑटोरोटेशनचं प्रकरण मी बाईंना पाठवलं होतं. अक्षर आता थरथरतं, शाई मात्र लालच. कलेक्टिव्ह खाली घेण्याच्या ओळीसमोर त्यांनी लिहिलं होतं : ‘हातांचं कळलं. पायांचं काय?’ चीता-चेतकचा रोटर वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. इंजिन तो फिरवत असताना यंत्राचं धड उलट दिशेला ओढलं जातं; नाक डावीकडे जाऊ नये म्हणून पायाखालचा उजवा पेडल दाबलेला असतो. इंजिन थांबताच तो ओढा नाहीसा होतो आणि नाक उजवीकडे वळतं. त्या ओळीत मी आता भर घातली आहे : ‘कलेक्टिव्ह खाली, आणि त्याच वेळी डावा पेडल.’