तुम्ही विचारलंत म्हणून: जॉन लॉकवर एवढे तास कशाला?

स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, परीक्षा जवळ आली की पोरंसुद्धा विचारतात: "सर, मानसशास्त्र १८७९ला लाइपझिगला वुंटच्या प्रयोगशाळेत सुरू झालं ना? मग त्याआधीचे लॉक-ह्यूमसारखे तत्त्वज्ञ एवढे का दळता?" अमळनेरला १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर आहे, तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्यांचा 'मी'वरचा ग्रंथ १९३० साली तिथूनच निघाला, आणि त्याच खान्देशात हे ऐकायचं! असो.

पूर्वी मीही लॉक एका तासात उरकायचो. जिथवर स्वतःचं म्हणून आठवतं तिथवरच माणूस 'तो', असं त्याने १६९४ साली मांडलं. त्यावर थॉमस रीड या तत्त्वज्ञाने १७८५ साली उभा केलेला सेनापती: त्याला तरुणपणचा पराक्रम आठवतो, त्या तरुणाला लहानपणचा मार आठवत होता, सेनापतीला मात्र तो मार आठवत नाही. म्हणजे सेनापती तोच तरुण, तो तरुण तेच पोर, पण सेनापती मात्र ते पोर नव्हे! वर्ग हसायचा, मी पुढे सरकायचो.

मग नानांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, केळीच्या वावराचं खरेदीखत निघालं. रजिस्ट्री ऑफिसात अंगठा मशीनवर ठेवला, जुळला. साहेबांनी रीतसर विचारलं, "बाबा, नाव काय? स्वखुशीने विकताय ना?" नाना बघत राहिले. मग म्हणाले, "मी पाटीलना पोऱ्या." पाटील म्हणजे आमचे आजोबा. भावाने कानात नाव सांगितलं, तर नानांनी त्याच्याकडे बोट करून साहेबांनाच विचारलं, "हाऊ कोन शे?" (हा कोण आहे?) घेणारा खाली बघायला लागला. भाऊ म्हणाला, "साहेब, अंगठा जुळलाय ना?" मी म्हणालो, थांबवा.

रीडच्या सेनापतीचं इथे उलटंच होतं. पोर शाबूत, मधला अख्खा माणूस गायब. देह तोच असणं वेगळं आणि केल्याची जबाबदारी घेणारा 'मी' तोच असणं वेगळं, हे लॉकने कोर्टकचेरीच्या अंगानेच सांगितलंय. मशीन फक्त देहापुरतं बोललं. घरी येताना गाडीत मी हे भावाला ऐकवलं. ऐकवायला नको होतं, असं बायको म्हणते. मला तसं वाटत नाही.

भाऊ शांतपणे म्हणाला, "सोसायटीचं कर्ज नवं-जुनं केलं ते याच अंगठ्यावर. तेव्हा तुझा लॉक कुठे होता? कर्जाला नाना तेच, आणि विकायला दुसरे?"

ह्यूमकडे जावं, तर त्याला आत 'मी' सापडतच नाही, नुसता अनुभवांचा जुडगा. जुडग्याला सोसायटी कर्ज देत नाही. वावर अजून नानांच्याच नावावर आहे. भाऊ कामापुरतं बोलतो. आणि लॉकला मी आता आठवडा देतो. पोर्शन मागे पडतो, ही तक्रार मात्र खरी आहे.