सदोष प्रत

दुपारी अडीचच्या सुमारास एक आजोबा काउंटरपाशी आले आणि पुस्तक माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "पोरी, ही प्रत खराब आहे. वाक्यं मध्येच तुटतात, काही ठिकाणी तर नुसती टिपणं आहेत. छापखान्याचा घोळ दिसतोय." सोबत चिठ्ठीही होती. तिच्यावर स्वच्छ अक्षरात 'सदोष प्रत'.

इंग्लंडमधल्या एका लहान गावाच्या वाचनालयात मी सात वर्षं काम करते. दर महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी इथे युक्रेनच्या युद्धकाळातल्या पुस्तकांचा वाचकगट जमतो. खार्किवच्या एक शिक्षिका व्हिडिओ कॉलवरून सामील होतात, त्यांच्याकडे वीज असली तर. या खेपेला पुस्तक होतं व्हिक्टोरिया अमेलिना यांचं 'लुकिंग ॲट विमेन लुकिंग ॲट वॉर'. आजोबांच्या हातात तेच होतं.

त्यांना खुर्ची दिली आणि सांगितलं, छपाई नीट आहे. अमेलिना मूळच्या कादंबरीकार. २०२२ साली रशियाने हल्ला केला तेव्हा त्यांनी कादंबरी बाजूला ठेवली आणि युद्धगुन्ह्यांच्या नोंदी करायला गावोगाव फिरू लागल्या. २७ जून २०२३ ला क्रामातोर्स्कमधल्या ज्या रेस्टॉरंटवर क्षेपणास्त्र पडलं, तिथे त्या बसल्या होत्या. १ जुलैला गेल्या. वय ३७. पुस्तक अर्धवट राहिलं. छापताना तुटलेली वाक्यं तुटलेलीच ठेवली. हे सांगताना माझा आवाज कापत होता, आणि तो मी लपवलाही नाही.

आजोबा बराच वेळ मुखपृष्ठावरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "संध्याकाळी मी येऊ का?"

संध्याकाळी सगळ्यांचं बोलणं एका झाडापाशी येऊन थांबलं. इझ्यूमजवळच्या कापितोलिव्का गावात व्होलोदिमिर वाकुलेंको हे बालसाहित्यिक राहत. गाव रशियन फौजेच्या ताब्यात गेल्यावर त्यांनी रोजनिशी लिहिली आणि आपल्याला उचलून नेतील या धास्तीने ती परसातल्या चेरीखाली पुरून ठेवली. मार्च २०२२ मध्ये त्यांना खरंच उचललं, ठार मारलं. गाव रशियन ताब्यातून सुटल्यावर सप्टेंबरमध्ये अमेलिना त्यांच्या वडिलांकडे गेल्या. दोघांनी जमीन खणली. रोजनिशी हाती लागली.

मला पहिल्या वाचनापासून इंद्रायणीतून वर आलेल्या तुकोबांच्या वह्या आठवत होत्या. तसं बोलून दाखवलं, तेव्हा खार्किवच्या बाईंनी ते नाव विचारून लिहून घेतलं.

आजोबांनी आयुष्यभर माळीकाम केलेलं. त्यांचा प्रश्न वेगळाच होता. "बुंध्याच्या किती जवळ खणलं? मुळं दुखावली असतील का?"

कुणी हसलं नाही. बाई क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "शेवचेंकोंची एक कविता आमच्याकडे पोरांना पाठ असते. सुरुवातच अशी, की घराजवळ चेरीची बाग." आणि त्यांनी ती युक्रेनियनमध्ये हळूहळू म्हटली.

चेरीला त्या विश्न्या म्हणत होत्या. आजोबांनी तो शब्द त्यांच्याकडून तीनदा म्हणवून घेतला. मग खिशातली दुपारची चिठ्ठी काढली, उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर तो लिहिला.