तुम्ही विचारलंत म्हणून: रस्त्यात बंद पडली तर?

जुन्या गाड्यांच्या रॅलीहून परत आले की सोसायटीत, लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत एकच प्रश्न येतो. "एवढी जुनी गाडी एवढ्या लांब नेता, मध्येच बंद पडली तर काय करता?" मी बाई असल्यामुळे त्याला एक शेपूटही असतं: "बरोबर कोणी असतं ना?" असतो, भाचा असतो. त्याला नकाशा उत्तम वाचता येतो. पाना कुठल्या बाजूने धरायचा ते येत नाही.

तर उत्तर. बंद पडली की मी आधी किल्ली काढते. इग्निशन चालू राहिलं, इंजिन थांबलेलं आणि पॉइंट (इंजिनाबरोबर उघडझाप करून वीज तोडणारी दोन टोकं) नेमके मिटलेले असले तर ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारी कॉइल तापून कामातून जाते, म्हणून किल्ली पहिली. मग बॉनेट उघडते आणि दहा मिनिटं कशालाही हात लावत नाही. थर्मासमधला चहा पिते. विचारणाऱ्याचा चेहरा इथे पडतो, त्याला ग्रीसने माखलेले हात हवे असतात. पण ही अक्कल मला उपजत नव्हती. ती 2019 च्या फेब्रुवारीत आली, आणि तीही दिवसभर माती खाऊन झाल्यावर.

गाडी 1956 ची फियाट इलेव्हन हंड्रेड. कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात जुळवलेली, मुंबईकर जिला तिच्या गुबगुबीत अंगामुळे 'डुक्कर फियाट' म्हणतात ती. बाबांनी घेतली तेव्हाच ती जुनी होती. जाणकार मंडळी हिला विंटेज म्हणू देत नाहीत. त्यांच्या लेखी विंटेज म्हणजे 1919 ते 1930 मधल्या गाड्या, माझी फार तर क्लासिक. सरकार जास्त उदार आहे. 2021 च्या नियमानुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली गाडी विंटेज. मी सरकारच्या बाजूने आहे.

त्या रॅलीचा मार्ग पुणे, सातारा, कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोलीला मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी सावंतवाडीवरून पणजी. साधारण साडेचारशे किलोमीटर. अशा रॅलीत शर्यत नसते. ठरलेल्या सरासरी वेगाने जायचं आणि ठरलेल्या मिनिटाला चेकपॉइंटवर हजर व्हायचं. लवकर आलात तरी गुण कापतात, उशिरा आलात तरी कापतात. त्यामुळे बंद पडणं म्हणजे घड्याळ चालू आणि गाडी बंद. घाई होते ती याच्यामुळे.

निघायच्या आधी मी पंधरा दिवस गाडीच्या मागे लागले होते. होसपाइप बदलले, इंजिनाला पेट्रोल ओढून देणाऱ्या पंपाचा डायफ्रॅम, म्हणजे आतला पडदा, बदलला, फॅनबेल्ट नवा. डिस्ट्रिब्युटरमध्ये, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणाऱ्या भागात, पॉइंट नवे आणि त्यांच्या जोडीचा कंडेन्सरही नवा. जुना कंडेन्सर बाबांच्या काळापासूनचा, चांगला चालत होता. पण लांब जायचंय, कशाला धोका, म्हणून काढला आणि बिस्किटाच्या डब्यात टाकला. डबा घरी राहिला.

खंबाटकीत पहिल्यांदा बंद पडली. तेव्हा बोगदा साताऱ्याहून पुण्याला येणाऱ्यांना होता, आपल्याला मात्र घाट चढूनच जावं लागे. दुसऱ्या गिअरमध्ये चढत असताना ती एकदम खोकायला लागली, दोन झटके दिले आणि गप्प. मला जरासुद्धा आश्चर्य वाटलं नाही. घाट, ऊन, ट्रकच्या मागे रखडत चाललेली जुनी गाडी: मेकॅनिकच्या भाषेत 'एअर पकडली'. पेट्रोलमधला हलका भाग पस्तीस-चाळीस अंशांपासूनच उकळायला लागतो. तापलेल्या इंजिनाला खेटून गेलेल्या नळीत त्याची वाफ होते, पंप वाफ ओढत बसतो आणि कार्बोरेटर कोरडा पडतो. मी पंपावर ओलं फडकं टाकलं. एक मागून आलेले सहस्पर्धक थांबले आणि त्यांनी नळीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावून दिले, म्हणे त्याने उष्णता शोषली जाते. (शोषली जात नाही. पण त्यांनी ते इतक्या प्रेमाने लावले की मी काही बोलले नाही.) पंचवीस मिनिटांनी सेल्फ मारला, गाडी चालू. फडक्याला श्रेय मिळालं.

आता इथे एक गोष्ट कबूल करते. फडकं टाकायच्या आधी मी कार्बोरेटरकडची नळी सोडून पंपाचा हातदांडा मारून पाहिला होता. स्वच्छ, बुडबुड्याविना, पेट्रोल आलं होतं. हातावर सांडलं, त्याचा वासही आला. वाफ अडली असती तर असं येतं का? डोळ्यांनी पाहिलं आणि तरीही फडकंच टाकलं, कारण घाटात एअर पकडते हे मला आधीपासून 'माहीत' होतं.

कराडच्या पुढे दुसऱ्यांदा. सपाट रस्ता, वारा चांगला. पुन्हा फडकं, पुन्हा अर्धा तास, पुन्हा चालू. भाचा म्हणाला, "मावशी, इथे तर घाट नाहीये." मी त्याला रोडबुक, म्हणजे मार्गाची वही, बघायला सांगितलं.

तिसऱ्यांदा उत्तूर ओलांडल्यावर, आजऱ्याच्या अलीकडे. साडेसहा वाजलेले, दोन्हीकडे ऊस, हंगाम असल्यामुळे रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. या वेळी फडक्याने काही झालं नाही. मी सेल्फ मारत राहिले आणि बॅटरी बसत चालली. एका ट्रॅक्टरवाल्याने ट्रॉली बाजूला घेतली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि कुणाला तरी फोन लावला. "मामा, हिकडं या जरा. लई जुनं काय तरी हाय."

पंधरा मिनिटांत मामा एम-एटीवरून आले. सत्तरीचे, डोक्याला मफलर, हातात एक रंग उडालेला पत्र्याचा डबा. एके काळी पंचक्रोशीतल्या दूधवाल्यांच्या राजदूत मोटरसायकली तेच दुरुस्त करत. मी लगेच सांगायला लागले, पेट्रोलचा प्रॉब्लेम आहे, एअर पकडते, सकाळपासून तीनदा. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "थांबा जरा. तुमी काय काय बदललासा आता येताना?"

मी यादी सांगितली. कंडेन्सरपाशी ते "हं" म्हणाले.

भाचा मोबाइलचा उजेड धरून उभा होता. मामा म्हणाले, "बॅटरी बंद कर रं पोरा." आम्हाला वाटलं ऐकण्यात काही चूक झाली. अंधार पडत आलेला, आणि हे उजेड घालवायला सांगतायत. त्यांनी डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली, आत फिरणारा रोटर उपसला आणि मला म्हणाले, "आता मारा सेल्फ."

मी मारला आणि काचेतून वाकून पाहिलं. पॉइंट उघडत होते तसतशी दोन टोकांमध्ये ठिणगी उडत होती, जाड, पिवळसर, वेल्डिंगची असावी तशी. दिवसा उन्हात ती मला कधी दिसलीच नसती.

"बघितलासा? ही हितं पडाय नको. तिकडं प्लगात पडाय पाहिजे. हितंच सांडत्या सगळी."

कंडेन्सरचं काम यापेक्षा सोप्या शब्दांत मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. पॉइंट उघडतात त्या क्षणी वीज फटीतून उडी मारायला बघते. कंडेन्सर ती तेवढ्यापुरती स्वतःत सामावून घेतो, म्हणून कॉइलमधला प्रवाह झटकन तुटतो, आणि तो झटका जितका जोराचा तितका प्लगला मिळणारा दाब मोठा, काही हजार व्होल्ट. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर मिनिटाला सहा हजार ठिणग्या लागतात, सेकंदाला शंभर. कंडेन्सर आतून फुटला की त्या शंभरही पॉइंटवरच सांडतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हे महाशय बऱ्याचदा गरम झाल्यावर बिघडतात आणि गार झाल्यावर शहाण्यासारखे वागतात. डिस्ट्रिब्युटर इंजिनाला चिकटलेला, त्यामुळे तापायला वेळ लागत नाही. लक्षणं हुबेहूब एअर पकडल्याची. माझ्या फडक्याने दोनदा गाडी चालू केली ती पंप गार करून नव्हे. मी थांबले होते, म्हणून कंडेन्सर गार झाला होता.

मामांनी डबा उघडला. आत स्पोक, निपल, मोडकी लिव्हर, आणि तळाशी एका पुडीत तीन कंडेन्सर. राजदूतचे. बोटाच्या पेराएवढी नळकांडी, प्रत्येकाला एक वायर. मी म्हटलं, मामा, राजदूत सहा व्होल्टची, ही बारा व्होल्टची. ते म्हणाले, "त्येला काय कळतंय." आणि खरंच, त्याला काही कळत नाही, पॉइंट उघडताना जो दाब येतो तो काहीशे व्होल्टचा असतो आणि कंडेन्सर तेवढ्यासाठीच केलेला असतो.

डिस्ट्रिब्युटरच्या आत तो बसेना. मग माझ्या नव्या कंडेन्सरची वायर सोडवली, पॉइंट पॉलिश पेपरने घासून निळे डाग काढले, आणि फट लावायला काडेपेटीचा पुठ्ठा फाडून मध्ये धरला. माझ्याकडे फट मोजायचा फिलर गेज होता, मी पुढे केला. त्यांनी नम्रपणे बाजूला ठेवला. राजदूतचा कंडेन्सर कॉइलच्या बाजूला लटकवला, वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला दिली. अर्थिंगसाठी नटाभोवतीचा रंग चाकूने खरवडून नळकांडं बाईंडिंग तारेने आवळून टाकलं. पुन्हा मोबाइलचा उजेड बंद, पुन्हा सेल्फ. पॉइंटवर आता काहीच नाही, नुसता अंधार. रोटर आणि टोपी बसवली. बॅटरी पुरती बसली होती, म्हणून उसाच्या ट्रॉलीवरच्या चौघांनी धक्का मारला आणि दुसऱ्या गिअरला गाडी घेतली.

1907 साली पाच गाड्या पेकिंगहून पॅरिसला निघाल्या होत्या. त्यात प्रिन्स बोर्गेझे यांच्या इटाला गाडीचं लाकडी चाक रशियात मोडलं, ते तिथल्या एका गावच्या सुताराने कुऱ्हाडीने घडवून दिलं, आणि पॅरिसला पहिली पोचली ती हीच गाडी. त्यामुळे "सुटे भाग कुठे मिळतात?" हा तुमचा दुसरा प्रश्न असेल, तर काही ऑनलाइन, काही जुन्या बाजारात, आणि काही उत्तूरला. डिकीत मी फॅनबेल्ट, सायकलची जुनी ट्यूब, तार, दोन लिटर पाणी आणि पॉइंटचा सेट ठेवते. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुनं रबर त्याने फुगतं, म्हणून एक जादा डायफ्रॅमही. मात्र लांब निघायच्या आदल्या महिन्यात गाडीत एकही नवा भाग घालत नाही. घातलाच तर जुना डिकीत येतो. आणि बंद पडली की चहा पिताना स्वतःला मामांचा प्रश्न विचारते: शेवटचं काय बदललंस?

मामांनी पन्नास रुपये घेतले. जास्त द्यायला लागले तर रागावले. त्याऐवजी ड्रायव्हरच्या सीटवर बसून स्टेअरिंगपाशी असलेला गिअर चारही ठिकाणी टाकून पाहिला, आणि ट्रॅक्टरवाल्याला म्हणाले, "हितं हाताला गिअर हाय बघ."

आंबोलीला आम्ही साडेनऊला पोचलो. चेकपॉइंट केव्हाच उठला होता, सगळे जेवायला बसले होते. मी जेवायच्या आधी बॉनेट उघडून फिलर गेजने पॉइंटची फट मोजली. पुस्तकातल्या आकड्यात बसत होती.

बाबांचा कंडेन्सर अजून बिस्किटाच्या डब्यातच आहे, फक्त डबा आता डिकीत असतो. राजदूतचा कॉइलपाशी, त्याच तारेने बांधलेला. एका प्रदर्शनात परीक्षकांनी बॉनेटखाली वाकून पाहिलं, मूळचा भाग नाही म्हणून एक गुण कापतो म्हणाले. मी म्हटलं, कापा.