ओसाकात हाक मारणाऱ्याच्या मागे जाऊ नका

शनिवारी रात्री आठ वाजता दोतोनबोरीच्या कालव्याजवळ एका पोराने आम्हाला गाठलं. सकाळपासून चालून पाय भरून आले होते आणि जिथे जावं तिथे रांग. त्याच्या हातात प्लास्टिकमध्ये घातलेलं कार्ड होतं: नोमिहोदाई, दोन तास, १,००० येन. नोमिहोदाई म्हणजे ठरलेल्या वेळात हवं तेवढं प्यायचं. धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, जाऊ या. आता मला चालवत नाही." गेलो, आणि तिथेच चुकलं.

त्याने मागच्या गल्लीतल्या एका इमारतीत लिफ्टने पाचव्या मजल्यावर नेलं. खालून दुकान दिसत नव्हतं, दाराबाहेर भावाची पाटी नव्हती. बसल्यावर कळलं की हजारात बिअर नाहीच; हवी असेल तर माणशी ५०० वाढवा. आम्ही लेमन सावर (लिंबू-सोड्यातली दारू) आणि हायबॉलवर (सोडा घातलेली व्हिस्की) भागवलं. दोन्हींत बर्फ आणि सोडाच जास्त. हातातला ग्लास रिकामा करून परत दिल्याशिवाय पुढचा मिळत नाही, आणि तो यायला पंधरा-वीस मिनिटं. दीड तास झाला की ऑर्डर बंद. माझे कसेबसे चार ग्लास झाले.

मग बिल आलं. ते जसंच्या तसं देते, कारण निघण्याआधी कोणीतरी आम्हाला हे सांगायला हवं होतं. नोमिहोदाई दोघांचे २,०००. न मागता समोर ठेवलेल्या दोन इवल्या वाट्या १,२००. बसण्याचे १,०००. माणशी दोन पदार्थ घेतलेच पाहिजेत, म्हणून घेतलेले चार पदार्थ २,६००. झाले ६,८००. त्यावर 'शनिवार-रविवार आकार' २० टक्के, त्यावर १० टक्के कर. एकूण ८,९७६ येन, म्हणजे पाच हजार रुपयांच्या वर. तेही कोबीची पानं, एदामामे म्हणजे सोयाबीनच्या उकडलेल्या शेंगा, बटाटा आणि तळलेल्या कोंबडीच्या चार तुकड्यांसाठी. भावाने तीनदा बेरीज केली. बेरीज बरोबर होती. सगळे आकार मेनूच्या शेवटच्या पानावर, बारीक जपानी अक्षरांत छापलेले होते. पैसे दिले आणि बाहेर पडलो. मला रात्रभर झोप लागली नाही.

असं गिऱ्हाईक ओढण्याविरुद्ध ओसाका शहराने २०१४ मध्ये नियम केला आहे. तरीही ही पोरं उभी असतात. माझं मत स्पष्ट आहे: जो रस्त्यावर येऊन तुम्हाला बोलावतो, त्याच्याकडे जायचं नाही. पाऊस असो, पाय दुखोत, रांग कितीही असो.

एक मात्र समजून घ्या. ती न मागता येणारी वाटी ही फसवणूक नाही. तोक्योकडे तिला ओतोशी म्हणतात, ओसाकात त्सुकिदाशी. दारू देणाऱ्या बहुतेक ठिकाणी ती येते, साधारण ३०० ते ५०० येनची, आणि तिच्यातच बसण्याचे पैसे आले असं धरतात. तिच्यावरून वाद घालू नका. वाटीही लावली, वर बसण्याचे वेगळे लावले आणि वर शनिवारचेही लावले, तर तिथून उठायचं. म्हणून पहिला ग्लास येण्याआधी विचारा: "सेकिर्यो वा आरिमास का?" म्हणजे बसण्याचे पैसे आहेत का? मोबाइलवर लिहून दाखवलं तरी चालतं. उत्तर गोलमोल आलं तर चपला घाला आणि निघा. काही मागवलेलं नसतं तोवर कोणी अडवत नाही.

आता शाकाहाराबद्दल, कारण त्यातही आम्हाला चुकीचं सांगितलं गेलं. 'कित्सुने उदोन शाकाहारी आहे, वर फक्त तळलेला तोफू असतो' असं निघण्यापूर्वी दोघा-तिघांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. उदोन म्हणजे रश्शातल्या जाड शेवया. तोफू खराच. पण खालचं पाणी म्हणजे दाशी. ते कोम्बू या समुद्री शेवाळाबरोबरच वाळवलेल्या माशाच्या किसापासून करतात. भावाने अख्खा वाडगा संपवला आणि मग समजलं. तो काही बोलला नाही, पण त्या दिवशी पुन्हा जेवला नाही. ओकोनोमियाकीच्या (कोबीचं जाड धिरडं) पिठात दाशी, ताकोयाकीच्या (ऑक्टोपसचे गोळे) पिठात दाशी, उकडलेल्या भाजीतही दाशी. नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही. "निकु, साकाना, दाशी मो दामे देस", म्हणजे मांस, मासे, दाशीही चालत नाही, असं पूर्ण सांगा. हियायाक्को म्हणजे थंड तोफू मागवलात तर वरचा माशाचा कीस काढायला सांगा: "कात्सुओबुशी नुकी दे". कोन्बिनीतला (चोवीस तास उघडं असणारं छोटं दुकान) उमेबोशीचा ओनिगिरी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ घातलेला भाताचा गोळा, बरा, पण त्याच्याही वेष्टनावरची यादी मोबाइलने वाचून घ्या. माशाच्या अंशाचंही ज्यांना चालत नाही, त्यांनी ओसाकात सरळ भारतीय हॉटेल गाठावं. मन मारून फिरण्यात काय सुख?

शिनसेकाई या जुन्या वस्तीत कुशिकात्सु खाल्लं. ओळीने सांगते: दोबुत्सुएन-माए स्टेशन, जानजान योकोचोची अरुंद गल्ली, काड्यांना टोचून तळलेले कमळकाकडी, कांदा, शतावरी. उष्टी काडी सामाईक सॉसमध्ये पुन्हा बुडवायची नाही, हा तिथला कडक नियम. सॉस कमी पडला तर कोबीच्या पानाने घ्या. आता पुष्कळ ठिकाणी सॉस बाटलीत देतात. तेल मांसाचं आणि भाजीचं एकच. ठीक होतं.

नाकानोशिमा या नदीतल्या बेटाचा दिवस आणि किल्ल्याचा दिवस छान गेला. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

कॉफी मात्र सोडू नका. दर चौकात दिसणारी नवी चकचकीत कॅफे नव्हेत, जुनी किस्सातेन, म्हणजे जुन्या पद्धतीची कॉफीची दुकानं. सेन्निचिमाएतलं मारुफुकु १९३४ पासूनचं आहे; कॉफी काळीकुट्ट, दाट, आणि कडवटपणा जिभेवर बराच वेळ राहतो. आदल्या रात्रीचा सगळा राग माझा तिथे उतरला. सकाळी लवकर गेलात तर बऱ्याच किस्सातेनमध्ये कॉफीबरोबर जाड टोस्ट आणि अंडं असा 'मॉर्निंग' मिळतो, साधारण अकरापर्यंत. थंड कॉफीला ओसाकातली जुनी माणसं 'रेइको' म्हणतात. भावासाठी मिक्स ज्यूस: केळं, संत्र्याच्या जातीचं मिकान, पीच, दूध आणि बर्फ एकत्र घुसळलेलं. हे ओसाकाचंच पेय, शिनसेकाईतल्या एका कॉफीच्या दुकानात सुरू झालेलं. त्याने दोन ग्लास घेतले.

यामाझाकीची व्हिस्की डिस्टिलरी (१९२३ची) आगगाडीने जवळ आहे, पण आधी नोंदणी नसेल तर जाऊ नका.

आणि शेवटचे दोन दिवस तेन्मा या भागात. ओसाका स्टेशनापासून लूप लाइनवर, म्हणजे शहराला वळसा घालणाऱ्या रेल्वेवर, एकच स्टेशन. तेन्जिनबाशिसुजी हा २.६ किलोमीटरचा छत असलेला बाजार तिथूनच जातो, पण तुम्ही स्टेशनामागच्या गल्ल्यांत शिरा. तिथे ताचिनोमि आहेत, उभ्याने प्यायची दुकानं. भाव भिंतीवर कागदाच्या पट्ट्यांवर लिहिलेले. एका ठिकाणी तर काउंटरवर बशीत नोटा ठेवायच्या. मालक ग्लास ठेवतो, बशीतून त्याचे पैसे उचलतो आणि सुटे तिथेच टाकतो. लपवायला जागाच नाही. एक नामा (नळाची ताजी) बिअर, एक ग्लास थंड साके (तांदळाची दारू), भावाला एदामामे आणि लोणचं: दोघांचे मिळून १,४०० येन. बाजूच्या आजोबांनी आमच्याकडे बघून ग्लास वर केला. शनिवारी इथे आलो असतो तर, हे मनातून जात नव्हतं.

रोख जवळ ठेवा, बरीच लहान दुकानं कार्ड घेत नाहीत. मोठी बॅग नेऊ नका, ठेवायला जागा नसते. आणि पाचलाच पोहोचा. सातनंतर उभं राहायलाही जागा मिळत नाही.