एकच पदार्थ विकणारी गाडी: प्रवासातला शोध आणि घरच्या वॉकवरची (खोलगट चिनी कढईवरची) प्रगती

सिंगापूर, मलेशिया, थायलंड, व्हिएतनाम आणि तैवान येथील रस्त्यावरचे चांगले व स्वस्त खाणे शोधणे आणि तेच पदार्थ घरी करून पाहणे, ही माझी दोन्ही कामे सध्या एकाच कसोटीवर चालली आहेत. प्रवासात जी गाडी एक किंवा दोनच पदार्थ विकते ती आधी गाठायची, आणि घरी एका वेळी एकच पदार्थ एका ताटलीच्या मापाने करायचा. या कसोटीमागे सरळ अर्थकारण आहे. एकच पदार्थ विकणाऱ्याचा माल मोजका आणि रोजच्या रोज संपणारा असतो, त्याची पूर्वतयारी गिऱ्हाइके येण्यापूर्वीच उरकलेली असते आणि मागणी आल्यावर उरते ते दोन-तीन मिनिटांचे काम. स्वस्ताई येते ती इथून. याउलट ज्या फलकावर चाळीस पदार्थांची रंगीत छायाचित्रे झळकतात, तिथे दर चढा आणि माल शिळा असण्याची शक्यता अधिक धरावी.

या कसोटीसाठी सिंगापूरइतके सोपे ठिकाण नाही. तेथील सरकारने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून रस्त्यावरच्या विक्रेत्यांना पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेल्या हॉकर सेंटरांमध्ये हलवायला सुरुवात केली, आणि या हॉकर संस्कृतीचा समावेश २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत झाला. एका छपराखाली डझनावारी स्टॉल, प्रत्येकाचा ठरलेला पदार्थ आणि बहुतेक ठिकाणी लिहिलेला दर, यामुळे नवख्या माणसालाही फसगतीची भीती उरत नाही. चायनाटाउनमधील मॅक्सवेल फूड सेंटर हे हैनानी चिकन राइससाठी प्रसिद्ध आहे, आणि तिथे एकदा जायलाच हवे. पण मला स्वतःला ओल्ड एअरपोर्ट रोडचे सेंटर अधिक उजवे वाटते, कारण तिथे आजूबाजूच्या वसाहतींतील लोक रोजचे जेवण जेवायला येतात. टेबलावर टिशूचे पाकीट दिसले, तर ती जागा कोणीतरी धरून ठेवलेली आहे असे समजावे. खाऊन झाल्यावर ट्रे परत नेऊन ठेवणे २०२१ पासून सक्तीचे आहे.

मिशेलिन या फ्रेंच खाद्य-मार्गदर्शिकेच्या मानांकनांबद्दल खवय्यांत मतभेद आहेत, म्हणून माझे मत नोंदवून ठेवतो. २०१६ मध्ये सिंगापुरातील दोन हॉकर स्टॉलना एकेक तारा मिळाला आणि २०१७ च्या अखेरीस बँकॉकमधील जय फाय यांच्या साध्या दुकानालाही मिळाला. डोळ्यांवर गॉगल चढवून कोळशाच्या शेगडीवर काम करणाऱ्या या बाईंचे कौशल्य निर्विवाद आहे, परंतु त्यांच्या खेकड्याच्या ऑम्लेटला हजार बाटहून अधिक मोजावे लागतात आणि वाट पाहण्यात अर्धा दिवस जाऊ शकतो. परवडणाऱ्या खाण्याच्या शोधात ताऱ्यांपेक्षा बिब गूरमाँची, म्हणजे मिशेलिनचीच माफक दरातल्या चांगल्या खाण्याची, यादी कामाची, आणि तीही पत्त्यांची वही म्हणून नव्हे, तर चांगली वस्ती कुठली हे कळण्यापुरती. यादीतल्या स्टॉलपुढे पर्यटकांची रांग असेल, तर त्याच गल्लीत जेवायला आलेल्या स्थानिकांची रांग कुठे आहे ते पाहावे.

वेळेचा अभ्यास हा या छंदातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. हनोईत फो, म्हणजे रश्शातल्या तांदळाच्या शेवया, हा प्रामुख्याने सकाळचा पदार्थ आहे. चांगल्या ठिकाणचा रस्सा रात्रभर मंद आचेवर उकळलेला असतो आणि तो दुपारपर्यंत संपूनही जातो. बुन चा, म्हणजे भाजलेले मांस आणि शेवया, मात्र दुपारचा. फुटपाथवर बुटक्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसले की हाताच्या अंतरावर सगळे दिसते: डुकराच्या मांसाचे पातळ काप आणि चपट्या टिक्क्या तारेच्या जाळीत घट्ट दाबलेल्या, खाली कोळसा, बाजूला पंखा, आणि चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला की उठणारा निळसर धूर. कडा करपू लागताच मांस थेट फिश सॉस, व्हिनेगर, साखर आणि कोमट पाणी यांच्या वाडग्यात पडते, ज्यात कच्च्या पपईचे काप आधीपासून पोहत असतात. तांदळाच्या शेवया आणि हिरव्या पाल्याची रास वेगळी येते. कोळशाचा तो वास ज्या कोपऱ्यावरून येतो तिथे बारा वाजता पोहोचावे; संध्याकाळी गेल्यास बहुधा धुतलेली जाळीच पाहायला मिळते.

शाकाहारी सोबती बरोबर असल्यास केवळ मांस वगळून भागत नाही, कारण फिश सॉस आणि सुकी कोळंबी भाज्यांतही असते. थायलंडमध्ये पिवळ्या पट्टीवर लाल अक्षरांत ‘जे’ हे चिन्ह असलेली गाडी शोधावी. तिथे अंडी, दूध आणि लसूणही वर्ज्य असतो. व्हिएतनाममध्ये ‘चाय’ (म्हणजे शाकाहारी) लिहिलेली भोजनालये असतात, आणि चांद्र महिन्याच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी अनेक बौद्ध कुटुंबे शाकाहार पाळत असल्याने त्या दिवशी त्यांचे पर्याय वाढतात.

आता घरच्या आघाडीविषयी. सध्याचा मुख्य सराव मलेशियातील पेनांगच्या पद्धतीच्या चार क्वे तिआवचा, म्हणजे परतलेल्या तांदळाच्या चपट्या शेवयांचा, आहे. तेथील जॉर्ज टाउन शहरातील नामांकित विक्रेते गर्दी कितीही असली तरी एका वेळी एकच ताटली परततात, आणि घरगुती शेगडीला तर याशिवाय मार्गच नाही, कारण तिची आच व्यावसायिक वॉक-बर्नरच्या तुलनेत अगदीच तोकडी असते. भांड्यात दोन ताटल्यांचा माल पडला की तापमान कोसळते, पाणी सुटते आणि परतण्याऐवजी उकडणे सुरू होते. त्यामुळे सारी भिस्त पूर्वतयारीवर आहे. तांदळाच्या पिठाच्या या ताज्या शेवयांच्या पट्ट्या फ्रीजमधून काढल्यावर ताठ होऊन मोडतात, म्हणून त्यांना आधी थोडी वाफ देऊन हाताने सुट्या करतो. कोळंबी आणि मुगाचे लांब कोंब कापडावर कोरडे करतो. गडद व फिका सोया सॉस, मिरचीची पेस्ट आणि चिमूटभर साखर एका वाटीत कालवून ठेवतो. पातळ पोलादी वॉकमधून धूर निघू लागल्यावर तेल, लसूण, कोळंबी, मग पट्ट्या. इथे अर्धा मिनिट उलथन्याला हात लावायचा नाही, म्हणजे पट्ट्यांच्या कडांवर तपकिरी ठिपके धरतात. सॉस मधोमध न ओतता वॉकच्या तापलेल्या काठावरून सोडला, की तो खाली पोहोचेपर्यंत जळून धूरकट खमंगपणा देतो. त्यानंतर पट्ट्या बाजूला सारून अंडे फोडतो आणि कोंब व चिनी लसणाची पात अगदी शेवटी घालतो. डुकराची चरबी वापरल्याने चवीत पडणारा फरक मोठा आहे. ज्यांना ती चालत नाही त्यांनी शेंगदाणा तेल घ्यावे आणि तुलना करू नये.

चिकन राइसची स्थिती समाधानकारक आहे: पाणी उकळू न देता कोंबडी मंद आचेवर शिजवणे, लगेच बर्फाच्या पाण्यात बुडवणे आणि त्याच रश्शात आले-लसणावर परतलेला तांदूळ शिजवणे, एवढे पाळले की काम होते. थाई पद क्रापाव, म्हणजे क्रापावची पाने घालून परतलेले मांस, तर माझा आठवड्याचा नेहमीचा पदार्थ झाला आहे. त्यात लागणारी थाई क्रापाव ही आपल्या तुळशीच्याच प्रजातीची असली, तरी तिचा वास वेगळा आणि मिरीच्या अंगाने जाणारा असतो. ती न मिळाल्यास गोड थाई बेसिलपेक्षा हिरवी तुळस थोडी कमी प्रमाणात घालणे मला बरे वाटते.

पुढे तैपेईच्या राओहे रात्रबाजारातील मिरीच्या पावाची पाळी आहे. तो मातीच्या उभ्या भट्टीच्या आतल्या भिंतीला चिकटवून भाजतात, त्यामुळे तळ कडक होतो आणि आतल्या मांस व कांदापातीचा रस आतच राहतो. घरच्या ओव्हनमध्ये तळाला तेवढी आच देण्यासाठी प्रथम तापवलेला जाड लोखंडी तवा वापरून पाहणार आहे. सारण आदल्या रात्री मुरवून गार ठेवायचे आणि पाव भरल्यावर लगेच भाजायचे, हे ठरले आहे. पिठात चरबीचे पदर किती द्यायचे, ते मात्र पहिला घाणा निघाल्यावर ठरवेन.