तुम्ही विचारलंत म्हणून : फोन असताना हे डबडं कशाला?

गळ्यात कॅमेरा अडकवून आमच्या बेळगावच्या खडेबाजारातून चाललो की कोणीतरी थांबवतंच. "हे अजून चालतंय काय ओ?" आणि त्याच्या पाठोपाठ खरा प्रश्न, "एवढा फोन असताना हे डबडं कशाला?" परवा कुंदा, म्हणजे आमच्याकडची मिठाई, घ्यायला थांबलो तर दुकानातल्या मामांनी तोलता तोलता हेच विचारलं, मागं रांग होती म्हणून मी नुसता हसलो आणि पुडा घेऊन निघालो. ते राहिलेलं उत्तर इथं देतो.

डबड्याचं नाव ऑलिम्पस ट्रिप ३५, फिल्मच्या रोलवर चालणारा कॅमेरा. जपानी, १९६७ ला आला आणि १९८४ पर्यंत बनत होता. माझा मामा गल्फला होता, त्यानं सुट्टीवर येताना आणलेला, मग कितीतरी वर्षं खानापूरच्या घरी ट्रंकेत मामीच्या साड्यांखाली पडून होता. खिशात मावतो म्हणतात, पण शर्टाच्या खिशात काय मावत नाही, जर्किनच्या मावतो. चारशे ग्रॅमच्या आसपास वजन आहे, चालताना छातीवर आपटत राहतं.

याला बॅटरी नाही, हे सांगितलं की लोक आधी विश्वास ठेवत नाहीत. लेन्सभोवती माशीच्या डोळ्यासारखी फोडाफोडाची गोल पट्टी दिसते ना, तिच्यामागं सेलेनियम आहे, त्यावर उजेड पडला की इवलासा करंट तयार होतो, त्या करंटवर आत एक काटा हलतो, बटण दाबायला लागलं की तो काटा असेल तिथं चिमटीत पकडल्यासारखा अडकतो आणि त्यावरून लेन्सचं भोक किती उघडायचं ते ठरतं. शटरचे वेग दोनच, सेकंदाचा दोनशेवा भाग आणि चाळीसावा, त्यातला कुठला घ्यायचा तेही तोच बघतो. उजेड पुरेसा नसेल तर व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीत, खालून लाल झेंडी वर येते आणि बटण पुढं जातच नाही. मामी म्हणायची, रुसला.

मग आपल्याला काय काम उरलं? अंतर सांगायचं, बास. लेन्सच्या रिंगवर चार चित्रं आहेत. एक डोकं म्हणजे साधारण एक मीटर, दोन माणसं दीड, तीन माणसं तीन मीटर, आणि डोंगर म्हणजे त्याच्या पलीकडचं सगळं. व्ह्यूफाइंडरमध्ये मात्र सगळंच स्वच्छ दिसतं, चुकलं तरी तिथं कळत नाही. आजीला घेऊन राजहंसगडावर गेलो होतो, ढगाळ हवा, आजी समोर हातभर अंतरावर दगडावर टेकलेली आणि रिंग डोंगरावर राहिलेली. रोल धुवून आला तर मागची तटबंदी दगड न दगड मोजावा अशी आणि आजी धुक्यात! कडक ऊन असतं तर भोक बारीक झालं असतं आणि चूक थोडीफार खपली असती, पण ढगात भोक मोठं उघडतं आणि मग तो माफ करत नाही. आजी मात्र खूश, म्हणाली सुरकुत्या दिसंनात हे बरं झालं.

तर मला आवडतं ते हेच. लेन्स ४० मिलिमीटरची, झूम नाही, बाजारात भाजीवालीचा चेहरा पाहिजे असेल तर रस्त्याच्या पलीकडून ओढून घेता येत नाही, तिच्यापुढं मीटरभरावर जाऊन उभं राहावं लागतं आणि तिथवर गेल्यावर न बोलता फोटो काढणं बरं दिसत नाही. "आक्का, एक फोटो काढू?" कधी पदर सारखा करून बसतात, कधी "ब्याड री", कानडीत नको हो, म्हणून हात हलवतात, की कॅमेरा खाली. फोनवर मी न विचारता शेकड्यांनी फोटो काढलेत, आता त्यातली माणसं कोण होती विचारलंत तर सांगता यायचं नाही.

त्रासही आहे, लपवत नाही. रोल हजाराच्या घरात, वर धुवायचा खर्च, रंगीत असेल तर मी कुरिअरनं बाहेर पाठवतो. आणि आमचा पाऊस! जूनपासून कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथं लेन्सचं काय, म्हणून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवतो.

सगळ्यात मोठा पोपट झाला वैशाखातल्या शिवजयंतीला. रात्रभर चित्ररथांची मिरवणूक, रात्री झेंडी येणारच, पण भोकाची जी दुसरी रिंग आहे ती ए म्हणजे ऑटोवरून काढून २.८ वर, म्हणजे भोक पूर्ण उघडं, ठेवली की झेंडी गप्प बसते आणि वेग चाळीसावा राहतो, चारशेचा, म्हणजे कमी उजेडात चालणारा, रोल घातला की रोषणाईत भागून जातं. तसं करून पहाटेपर्यंत छत्तीस काढले, छत्तीसाच्या पुढंही निघतायत म्हटल्यावर शंका आली. रोलचं टोक आत अडकलंच नव्हतं, सगळी रात्र मी हवेचे फोटो काढत होतो. तेव्हापासून रोल भरला की पुढं सरकवताना डावीकडची रिवाइंडची खुंटी फिरते का ते आधी बघतो. कोणाला जुना घ्यायचा असेल तर एवढं करा, रिंग ए वर ठेवून लेन्स तळहातानं पूर्ण झाका आणि बटण दाबा. झेंडी आली नाही तर विकणारा कितीही गोड बोलू दे, नमस्कार करून निघा.

सध्याच्या रोलमध्ये सव्वीस झालेत, दहा शिल्लक. त्यातला एक कुंद्याच्या दुकानातल्या मामांचा काढायचाय. पण आत एकच ट्यूबलाईट, तिथं हा रुसणार, म्हणजे मामांना पायरीवर बोलवायला पाहिजे, आणि गिऱ्हाईक सोडून ते काय बाहेर यायचे नाहीत.