आमची वाटचाल : दादरचा नर्सिंग ब्युरो आणि लंडनचा व्हिसा

दादर पश्चिमेला, स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमचा नर्सिंग ब्युरो आहे. २००९ साली आम्ही तो सुरू केला. त्याआधी मी पालिकेच्या रुग्णालयात स्टाफ नर्स होते आणि माझे मिस्टर एका खासगी कंपनीत हिशेब बघायचे. डिस्चार्ज मिळालेल्या पेशंटचे नातेवाईक वॉर्डात येऊन विचारायचे, "सिस्टर, घरी बघायला कुणी मिळेल का हो?" हा प्रश्न इतक्यांदा कानावर पडला की शेवटी मी त्याचाच धंदा केला. गुमास्ता परवाना काढला, एक टेबल घेतलं, एक फोन घेतला आणि ओळखीच्या बायकांना बोलावलं.

सुरुवातीची वर्षं कुठल्याही लहान धंद्याची जातात तशीच गेली, त्याबद्दल फार लिहीत नाही. शिवाजी पार्क, हिंदू कॉलनी, माहीम, पुढे पार्ले आणि मुलुंडपर्यंत आमच्या केसेस गेल्या. आईवडील सत्तरी-ऐंशीचे, मुलगा न्यू जर्सीला नाहीतर लंडनला, मुलगी पुण्याला, अशी बरीच घरं. पैसे तिकडून यायचे, चौकशी व्हॉट्सॲपवर व्हायची, आणि उशापायथ्याशी बसलेलं माणूस आमचं असायचं. आमच्या बायका बदलापूर, कर्जत, विरार, नालासोपाऱ्याहून यायच्या; आठच्या ड्यूटीसाठी पहाटेची लोकल पकडायच्या. निम्म्याहून अधिक मूळच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या, त्यामुळे गणपतीत ब्युरो रिकामा व्हायचा. गावी जाणारीला अडवायचं नाही हे आम्ही पहिल्याच वर्षी ठरवलं होतं. मग जूनपासूनच रिलीव्हर शोधायला लागायचो.

या कामाबद्दल एक गोष्ट आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. लोकांना वाटतं, म्हाताऱ्या माणसाला भरवायचं, पुसायचं, डायपर बदलायचं, त्यात शिकण्यासारखं काय आहे? अर्धांगवायू झालेल्या ऐंशी किलोच्या आजोबांना कुशीवर वळवताना लुळा हात कुठे ठेवायचा हे माहीत नसेल, तर त्यांचा खांदा निखळतो. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर माकडहाडापाशी कातडी लाल व्हायला लागते. तिथे बोट दाबून सोडायचं. लाली तशीच राहिली तर बेडसोर सुरू झाला समजायचं आणि त्या अंगावर पुन्हा झोपवायचं नाही. राईल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीतून, भरवण्याआधी नळी जागेवर आहे ना ते तपासायचं, डोक्याकडची बाजू उंच करायची, भरवून झाल्यावर निदान अर्धा तास आडवं करायचं नाही. अन्न श्वासनळीत गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो. स्मृतिभ्रंश झालेल्या आजी दिवेलागणीला पिशवी घेऊन दाराशी उभ्या राहतात, "मला घरी जायचंय" म्हणतात. तेव्हा "हेच तुमचं घर आहे" असं ठणकावून काही उपयोग नसतो. "चला, निघू, पण आधी चहा घेऊ" म्हणत हाताला धरून आत आणावं लागतं, आणि चहा होईपर्यंत आजींचं मन दुसरीकडे वळलेलं असतं. आमच्या मावशींना, म्हणजे घरोघरी पेशंट सांभाळणाऱ्या या बायकांना, हे सगळं येतं. कागदावर त्या दहावी पास, बारावी नापास.

२०२० च्या मार्चमध्ये लोकल बंद झाली. जूनमध्ये अत्यावश्यक सेवेसाठी गाड्या सुटल्या, पण आमच्या बायकांकडे दाखवायला सरकारी ओळखपत्र नव्हतं. २१ ऑक्टोबरपासून बायकांना लोकल खुली झाली ती सकाळी अकरा ते तीन आणि संध्याकाळी सातनंतर. आमची ड्यूटी आठला बदलते. शेवटी कितीतरी मावशी पेशंटच्याच घरी महिनोन्‌महिने राहिल्या, स्वतःची मुलं सासूकडे सोडून. काही सोसायट्यांनी त्यांना लिफ्टमध्ये चढू दिलं नाही, हेही मी विसरलेले नाही.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये या कामाला माणसं मिळेनाशी झाली होती. ब्रेक्झिटमुळे २०२० अखेर युरोपातून येणाऱ्यांचा मोकळा रस्ता बंद झाला, आणि कोविडने दमलेली माणसं काम सोडून गेली. २०२१-२२ मध्ये एकट्या इंग्लंडच्या सोशल केअरमध्ये, म्हणजे म्हातारी-अपंग माणसं सांभाळण्याच्या कामात, सुमारे १ लाख ६५ हजार जागा रिकाम्या होत्या. तिथला हेल्थ अँड केअर व्हिसा ऑगस्ट २०२० पासून होताच. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यात साध्या केअर वर्करलाही, म्हणजे आमच्या मावशींसारखं काम करणाऱ्यांनाही, घेतलं, वर्षाला किमान २०,४८० पौंड पगारावर. नवरा-मुलांना नेता येत होतं, नवऱ्याला तिथे नोकरीही करता येत होती.

आमच्या ब्युरोवर त्याचा परिणाम वर्षभरात दिसला, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा वेगळा दिसला. मावशी गेल्या नाहीत. त्यांचं इंग्रजी तेवढं नव्हतं. गेल्या त्या जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झालेल्या सिस्टर. तिकडे नर्स म्हणून उभं राहायचं तर नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलची नोंदणी लागते. त्यासाठी ओईटी किंवा आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा, मग सीबीटी ही संगणकावरची परीक्षा, तिथे पोचल्यावर ओएससीई ही प्रात्यक्षिक परीक्षा. आमच्या मुली बहुतेक ओईटीच्या रायटिंगमध्ये अडकायच्या. केअर वर्करला इंग्रजीची बी-वन, म्हणजे मधली, पातळी पुरे होती. तीन वर्षं नर्सिंग शिकलेल्या, आयसीयूत काम केलेल्या मुली अशा केअर वर्कर होऊन गेल्या. इथे त्या ट्रॅकिओस्टॉमीची सक्शन करत होत्या, म्हणजे गळ्यातून बसवलेल्या श्वासाच्या नळीतला कफ ओढून काढत होत्या, आणि नव्या मावशींना हाताला धरून शिकवत होत्या. त्या गेल्यावर शिकवणारंच कुणी उरलं नाही. त्या काळात आम्हाला अवघड केसेस नाकाराव्या लागल्या. फोनवर रडणाऱ्या मुलीला "तुमच्या बाबांसाठी माझ्याकडे सिस्टर नाही" असं सांगणं फार जड जातं.

जाणाऱ्यांवर मी कधी राग धरला नाही. इथे बारा तासांच्या ड्यूटीत त्यांना जे मिळत होतं त्यात बदलापूरच्या एका खोलीचा हप्ता कसाबसा निघायचा. माझा राग दुसरीकडे होता. व्हिसासाठी तिकडच्या मालकाचं, म्हणजे स्पॉन्सरचं, सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप लागतं, एजंट लोकांनी त्याचा बाजार मांडला. आमच्याकडच्या मुली सांगायच्या, पंधरा लाख, अठरा लाख. कुणी आईचं मंगळसूत्र मोडलं, कुणी गावची जमीन गहाण टाकली. इंग्लंडच्या आचारसंहितेत उमेदवाराकडून भरतीचे पैसे घ्यायला मनाई आहे. आपल्याकडे १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याप्रमाणे परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदवलेल्या एजंटालाच परदेशी नोकरीसाठी भरती करता येते, आणि त्याने घ्यायची फीही ३० हजार रुपये अधिक जीएसटी एवढीच आहे. हे माहीत नसल्यामुळे घरंच्या घरं बुडाली.

तेव्हापासून आम्ही एक काम फुकट करतो. कुणाही मुलीने ऑफर लेटर घेऊन यावं, आमची असो वा नसो. मिस्टर चष्मा लावून बसतात आणि ओळ न्‌ ओळ वाचतात. ब्रिटिश सरकारची परवानाधारक स्पॉन्सरची यादी नेटवर सगळ्यांना उघडी आहे. कंपनीचं नाव तिच्यात आहे का ते बघायचं. तिथल्या केअर कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या केअर क्वालिटी कमिशनकडे नोंद आहे का? आठवड्याचे तास लिहिलेत का? "गरजेप्रमाणे तास" असं असेल तर पगाराच्या आकड्याला अर्थ नाही. काम नर्सिंग होममध्ये आहे की घरोघरी? घरोघरी असेल तर गाडी कुणाची? आणि पैसे कुणी, कशाचे म्हणून मागितलेत?

गाडीचा प्रश्न आम्ही का विचारतो ते सांगते. आमची बदलापूरची एक सिस्टर इंग्लंडच्या मिडलंड्स भागातल्या एका गावी गेली. पहिल्या महिन्यात तिचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा ती बसस्टॉपवर उभी होती, बाहेर अंधार, पाऊस. तिला सांगितलं होतं आठवड्याला ३९ तास. प्रत्यक्षात दिवसभरात सात-आठ घरं, एकेका घरी पंधरा मिनिटं नाहीतर अर्धा तास. पैसे तेवढ्याच मिनिटांचे, मधल्या रस्त्याचे नाहीत. गाडी नसल्यामुळे लांबची घरं दुसऱ्याला गेली आणि तिचे तास निम्म्यावर आले. ती मला म्हणाली, "ताई, पंधरा मिनिटांत आजींना उठवायचं, धुवायचं, कपडे घालायचे, गोळ्या द्यायच्या. आपण आजोबांच्या पाठीला तेल लावायलाच पंधरा मिनिटं घेतो." पुढे त्या कंपनीचा स्पॉन्सर म्हणून असलेला परवानाच गेला. अशा वेळी नवा स्पॉन्सर शोधायला साठ दिवस मिळतात, नाहीतर देश सोडायचा. ती एकटी नव्हती. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात तिथल्या सरकारने केअर क्षेत्रातले ४७० हून जास्त परवाने रद्द केले, आणि त्या कंपन्यांशी ३९ हजारांवर कामगार जोडलेले होते. लबाडी मालकाची, पण सामान बांधायची पाळी या मुलींवर आली.

मग दारं बंद होत गेली. ११ मार्च २०२४ पासून केअर वर्करला नवरा-मुलांना नेता येईना. २०२३ मध्ये हेल्थ अँड केअर व्हिसा मुख्य अर्जदारांना सुमारे १ लाख ४६ हजार दिले होते, २०२४ मध्ये ते २७ हजारांच्या आसपास आले. २२ जुलै २०२५ ला परदेशातून नवा केअर वर्कर घेणंच बंद झालं. आधीपासून तिथे असलेल्यांना हा व्हिसा घ्यायला किंवा वाढवायला जुलै २०२८ पर्यंत मुदत आहे. कायमच्या वास्तव्यासाठी पाच वर्षांची अट होती. ती दहा करायची घोषणा झाली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये पदवीपेक्षा खालच्या कामांवर आलेल्यांसाठी पंधरा वर्षांचा प्रस्ताव मांडला गेला. ज्या मुली पाच वर्षांचा हिशेब करून कर्ज काढून गेल्या, त्यांनी आता काय करायचं?

आपल्या देशात कोण यावं हे ठरवायचा हक्क त्या देशाला आहे, यात वाद नाही. पण २०२४-२५ मध्येही इंग्लंडच्या सोशल केअरमध्ये १ लाख ११ हजार जागा रिकाम्याच होत्या. गरज लागली की नळ सोडायचा, राजकारण तापलं की बंद करायचा, आणि मधल्या काळात आलेल्या माणसांना विचारायचंही नाही, हे मला पटत नाही. बंद करताना कारण दिलं की यापुढे पदवीच्या पातळीचंच काम कुशल धरलं जाईल. लाली दाबून बघणारं बोट, दाराशी उभ्या आजींना चहापर्यंत आणणारी जीभ, ही त्यांच्या तक्त्यात कुठेच बसत नाही. आणि खरं सांगायचं तर आपल्याही बसत नाही. इथेही मावशीला "बाई" म्हणून हाक मारतात, तिला जेवायला वेगळं ताट काढतात आणि महिन्याला दोन सुट्ट्या दिल्या तरी उपकार केल्यासारखं बोलतात. मग चांगली सिस्टर इथे का थांबेल?

म्हणून आम्ही आमच्यापुरतं घर नीट करायला घेतलं. २०२३ पासून प्रत्येकीला नेमणूकपत्र देतो, त्यात तास, दर आणि आठवड्याची पगारी सुट्टी लिहिलेली असते. आमचं कमिशन कमी केलं आणि घरांचे दरही वाढवले. त्यात काही जुनी घरं सुटली. त्याचं वाईट वाटलं, पण दर मागे घेतले नाहीत. सगळ्यांचा आरोग्य विमा काढला. दर शनिवारी दुपारी ऑफिसात एक कॉट टाकून वर्ग चालतो: कूस बदलणं, ट्यूब फीडिंग, कॅथेटरची काळजी, पेशंट घुसमटला तर काय करायचं. मिडलंड्सहून परत आलेली तीच सिस्टर तो वर्ग घेते. उचलताना स्वतःची कंबर कशी वाचवायची आणि रोजची नोंद कशी लिहायची, हे ती तिकडून चांगलं शिकून आली आहे. तिच्यामुळे आमच्या प्रत्येक केसवर आता नोंदवही असते: पाणी किती, लघवी किती, कूस कधी बदलली, कातडी कशी दिसते.

जायचं आहे त्यांना आजही मदत करतो, पण नर्स म्हणूनच जा असा आग्रह धरतो. नोंदणीकृत नर्सचा रस्ता इंग्लंडने उघडा ठेवला आहे. सध्या मुलींची चौकशी जर्मनीची जास्त असते. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून ती वाढली. तिथे नर्स म्हणून मान्यता मिळवायला जर्मन भाषा बी-टू पातळीपर्यंत लागते, म्हणजे दीड-दोन वर्षांची मेहनत. आमच्या दोघीजणी नाईट ड्यूटी संपवून क्लासला जातात. त्यांच्या ड्यूट्या आम्ही क्लासच्या वेळेप्रमाणे लावतो.

ट्रॅकिओस्टॉमीच्या आणि राईल्स ट्यूबच्या केसेस आम्ही पुन्हा घ्यायला लागलो आहोत. आठवड्याची सुट्टी, स्वतंत्र झोपायची जागा आणि घरच्यांसारखं जेवण या गोष्टी पहिल्या फोनवरच विचारतो. त्या मान्य नसतील तर माणूस पाठवत नाही. रात्रीच्या ड्यूटीला अजून हात कमी पडतात, तेव्हा नाईटची केस असेल तर आठवडाभर आधी कळवा, आणि गणपतीतली असेल तर जूनमध्येच.